बंद ठेवलेला मोबाईल

आबा,

हे लिहायचं तीन वर्षं टाळलं. मेडिकलच्या कॉलेजांची यादी भरायला ऑनलाइन फॉर्म भरून देणारे मकसूदचाचा विसरले न्हवते. शेवटच्या दिवशी ओटीपी यायचा तो मोबाईल बंद करून मीच तिकोना गडावर जाऊन बसलो होतो. वर वारा लय भारी होता, ते राहू द्या. तुम्ही मात्र चाचांचीच चूक समजून त्यांच्याशी बोलणं सोडलंत.

काल मी त्यांच्या सेंटरवर बसलो असताना एक मॅडम आल्या. मेडिकलला कोण निवडलं जातं, कोण गळतं, यावर त्यांचं संशोधन चाललंय.

"मार्क असून का गेला नाहीस?"

"डॉक्टर व्हायचंच न्हवतं," मी बोलून गेलो आणि एकदम हलका झालो.

चाचा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे तीन वर्षं तुझ्या वाट्याच्या शिव्या मी खाल्ल्या व्हय रं?"

थांबा, दारात गाडी वाजली. चाचांच्या मागं तुम्हीच बसलाय, आणि दोघंबी हसताय. चाचांनी माझ्याआधीच सगळं सांगितलेलं दिसतंय.

तुमचा भटक्या,
ओंकार