मधल्या कडीबद्दल खुलासा

सांबरा,
मंगळवार

ती. मारुतीमामांस,

रचनाचा नमस्कार. आधी घडलं ते क्रमाने लिहिते. तब्येतीची विचारपूस नंतर, कारण ती याच्याशीच जोडलेली आहे.

१. तुमच्या निपाणीच्या नव्या घरातल्या झोपाळा ज्याला टांगलाय तो वरचा आडवा बार मी डिझाइन केला.
२. बार उच्च ताकदीच्या पोलादाच्या चौकोनी नळीचा होता.
३. बारच्या मध्यावर तोरणासाठी एक कडी वेल्ड झाली.
४. वास्तुशांतीला तुम्ही झोपाळ्यावर बसलात.
५. बार अडतीस मिलिमीटर वाकला.
६. सगळे हसले.
७. मी खरं कारण सांगितलं नाही.

आता विचारपूस. शालूआत्या फोनवर सांगत होती की तुम्ही रात्रीची भाकरी सोडलीत, काकडी खाऊन झोपता, आणि परवाच्या साखरपुड्यात प्लास्टिकच्या खुर्चीला नकार देऊन पाऊण तास उभे होता. (खुर्चीवर दीडशे किलोचा शिक्का होता. तुम्ही चौऱ्याऐंशी किलोंचे आहात.) हे ऐकल्यापासून मला डब्यातली भाकरी गोड लागत नाही.

मामा, बार तुमच्या वजनाने वाकला नाही. माझा हिशोब तीनशे किलोंचा होता आणि तो कागदावर बरोबर होता. ही नळी पोलादाची सपाट पट्टी न तापवता, थंडच वाकवून बनवतात. त्या वाकवण्यामुळे कोपरे सपाट बाजूंपेक्षा कणखर होतात. बहुतेक लोक ही जादा ताकद हिशोबात धरत नाहीत. मी धरली, आणि नळी एक माप पातळ घेतली. (उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात असं कोणी केलं तर मी लाल शेरा मारते. तेच माझं काम आहे.) पण कोपऱ्यांची ही कमाई उष्णतेला टिकत नाही. वेल्डिंगची आच लागली की तेवढ्या भागात पोलाद नरम पडतं. म्हणून ड्रॉइंगवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की मध्यभागी वेल्डिंग करू नये.

मग तोरण आलं. नवी वस्तू तोरणाशिवाय वापरायची नाही, हा आत्याचा नेम. गुळगुळीत नळीवर तोरण मधोमध ठरेना, डावीकडे घसरायचं. तेव्हा कडी हवी झाली. वेल्डर रवळूने ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हितं वेल्डिंग नको म्हणून तुमीच लिवलंय न्हवं?" मी म्हणाले, एवढ्याशा कडीने काय होतंय. पहिली कडी तिरकी बसली. ती काढून दुसरी लावली. म्हणजे वाकवणारा ताण सर्वांत जास्त येतो नेमक्या त्याच जागी, त्याच कोपऱ्यांवर, दोनदा आच.

पुढचं तुम्ही अनुभवलंत. शेजारच्या अंबुबाई ओरडल्या, "मारुतीराव, लोखंड वाकिवलंसा की वो! आता भुईवरच बसा, तिला वाकायला जागा न्हाय!" तुम्हीही हसलात, पण हातातली लाडवाची वाटी खाली ठेवलीत. त्यानंतर कोणीतरी मला विचारलं, तू इंजिनिअर ना, काय झालं गं? मी सांगितलं, "लोड जास्त झाला." तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही. उरलेल्या ताकदीपेक्षा लोड जास्तच होता. इतकं अचूक आणि इतकं हलकट वाक्य मी याआधी बोललेले नाही.

रविवारी नवा बार घेऊन येते. एक माप जाड, मध्ये काही नाही. त्यावर पहिले तुम्ही बसावं, आणि तोवर भाकरी सुरू करावी.

तुमची,
रचना

ता. क. वर आत्याच्या नेमाचं लिहिलं, ते अर्धंच आहे. आत्या म्हणाली होती, "राहू दे गं, सुतळीनं बांधू." सुतळी पाहुण्यांना दिसली असती. कडी मीच हट्टाने लावून घेतली. मुद्दा ३ मध्ये "वेल्ड झाली" आहे तिथे "मी करायला लावली" असं वाचावं.

ता. क. २. वाचावं म्हणजे मोठ्याने वाचावं. रविवारी वास्तुशांतीचेच सगळे चहाला बोलवा, अंबुबाईंना तर नक्की, आणि हे पत्र त्यांच्यापुढे तुम्ही वाचा. मी त्या वेळी बाहेर रवळूबरोबर बार उतरवत असेन. चारचौघांत हे तोंडाने सांगायचं धैर्य माझ्यात नाही. खरं तर एवढं मागण्यासाठीच पत्र लिहिलं.

वाचणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.