शेजारणीकडचं विरजण

आई, आज ऑफिसात एका नव्या मुलीला एक्सेल शिकवताना मी मध्येच गप्प झाले. तिला वाटलं, पुढचं विसरले. मला आलापल्लीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला लाकूड डेपोत कारकून म्हणून घेतलं होतं, आणि बाबांना डेपोत भाऊ म्हणत, म्हणून सगळे तुला ‘भाऊंच्या जागेवरची बाई’ म्हणत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तुला ते टोचायचं. “कम्प्युटरची परीक्षा पास झाली का नोकरी पक्की. मंग हे खुर्ची माही,” तू म्हणायचीस. नापास झालीस तर चपराशी करतील, अशी कुजबुज डेपोत होतीच.

घरी कुठला आलाय कम्प्युटर! कॉलेजच्या सुट्टीत मी फरशीवर खडूनं चौकटी आखून तुला शिकवायची. सागाच्या लठ्ठ्याची लांबी, त्याच्याशेजारी गोलाई, मग घनमाप. पहिल्या ओळीत तू सूत्र बरोबर सांगतेस. मी म्हणते, आता हेच खाली ओढायचं. तर तू मान हलवतेस.

“हे मी नाई करत.”

“काऊन?”

“वरच्या लठ्ठ्याचं माप खालच्याले लावाचं? तुह्या बाबानं जन्मात नाई केलं असं. डेपोत यालेच चोट्टेपना म्हंतात.”

मी परोपरीनं सांगते. अगं, सूत्र वरचा आकडा खाली नेत नाही. ‘माझ्या डावीकडच्या दोन घरांतून घे’, एवढंच ते लक्षात ठेवतं. खालच्या ओळीत गेलं की तिथल्या डावीकडचं घेतं. तू पोळ्या लाटत ऐकतेस, चेहरा कोरा. मला वाटतं, गेली ही परीक्षा. आणि एकदम तुझं लाटणं थांबतं.

“म्हंजे लाईनीतल्या साऱ्या बायांले सांगतलं, शेजारनीकडून विरजन आना, तर साऱ्या काही माह्याच शेजारनीच्या दारात नाई येनार. जे ते आपापल्या शेजारनीकडे जाईन. असंच ना?”

असंच, आई. बाबा गेल्यावर तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तू पास झालीस. ऑर्डर आली त्या दिवशी डेपोच्या फाटकात कुणीतरी विचारलं, कोण तुम्ही? तर तू म्हणालीस, “मी डेपोत क्लर्क आहो.” बाबांचं नाव घेतलं नाहीस. मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

तुला जाऊनही बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच लिहिते. तू नोकरीत असतानाच गेलीस तेव्हा डेपोच्या साहेबांनी विचारलं, आईच्या जागेवर येता का? चंद्रपूरला मला दुसरी नोकरी मिळत होती, माझ्या स्वतःच्या हिमतीवर. सगळ्यांना मी सांगितलं की ती मिळाली नाही. मिळाली होती, आई. मी मुद्दाम ही तुझी खुर्ची घेतली. इथे मला अजून बाईंची मुलगीच म्हणतात, आणि मी कुणाला दुरुस्त करत नाही.