तो घट्टा नव्हता

कुरुळी,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मंजुळास,

ज्योतीदादाचे आशीर्वाद. दाजींना नमस्कार, स्वप्नालीला लाड. इकडे सगळे बरे आहेत. गुरुवारची सुट्टी, वर्कशॉपमधले सहाही लेथ बंद. इतकं शांत आहे, की तुझी वहिनी आत ज्वारी निवडतेय ते मला ओट्यावर ऐकू येतंय. काम भरपूर आहे, फक्त माणसं टिकत नाहीत. चाकणला नवी कंपनी आली की आपला शिकवलेला पोरगा तिकडे पळतो. पळू दे. मीही असाच पळत पळत शेठ झालो.

निगडी इथून काय लांब आहे, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर मी तपासणीचं नाव काढलं, की "दादा, कुकर झाला, ठेवते" म्हणतेस. तीनदा म्हणालीस. मंजे, माझे कान तिखट आहेत. शिट्टी एकदाही झाली नव्हती. मागं दाजींनी टीव्हीचा आवाज मात्र कमी केला होता. म्हणून कागद. हा ठेवता येतो, पण फोनसारखा मधेच कापता येत नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला हात लावून घ्यायचा? त्यातून स्वप्नालीसाठी स्थळ बघायचं चाललंय. दाजींना वाटतं, तू त्या दवाखान्यात दिसलीस की लोक घराण्यात रोग आहे म्हणतील. वहिनी जाऊन आली. यंत्रात छाती दाबतात तेव्हा कळ येते, म्हणाली, पण चपलेचा अंगठा तुटला आणि तसंच घरी यावं लागलं, त्याचाच त्रास जास्त झाला. आत बाईच असते. आणि दुखत नाही म्हणतेस ना, तेच वाईट. ती गाठ दुखत नाही.

हे मला कसं ठाऊक, ते आता लिहितो.

भाद्रपदात माझं छातीचं ऑपरेशन झालं. दाजी बदाम घेऊन आले, तेलकट बंद करा म्हणाले. मी मान डोलावली. हृदय ही इज्जतीची जागा, तिथं काहीही झालेलं चालतं. पण हृदयाला काही झालेलं नाही, मंजे. माझ्या डाव्या स्तनात गाठ होती. कॅन्सरची. पुरुषांनाही होतो, क्वचित. मलाही ठाऊक नव्हतं.

वर्षभर मी ती घेऊन फिरलो. आम्ही लेथवाले रॉड उचलतो तो डाव्या छातीला टेकवून. तळहाताला घट्टे पडतात तसाच इथं पडला, असं समजून रात्री हळद-तेल चोळायचो. कडक होत गेला, तसं मला वाटलं, घट्टा मुरतोय. एक दिवस बनियनला डाग लागला, तेव्हा वहिनीनं मला रिक्षात कोंबलं. तपासणीच्या ठिकाणी बाकावर सगळ्या बाया आणि मी. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, पेशंटला पुढं पाठवा." वहिनी म्हणाली, "हेच पेशंट." मग बाकावर मला जरा जास्तच जागा झाली.

सगळं काढलं. किमो लागली नाही. पाच वर्षं रोज एक गोळी.

मी गप्पच राहणार होतो. पण मागच्या आठवड्यात दोन लेथ चालू असताना पलीकडून माझा कामगार समाधान हळूच कुणाला तरी म्हणाला, "शेठला बायकांचा आजार झालाय." बावीस वर्षं यंत्रांच्या आवाजातून आवाज वेगळे काढतोय मी, तो कसा सुटणार? मेन स्विच पाडला.

"समाधान, आता बोल. आता सगळ्यांना ऐकू येईल."

"काय नाय शेठ, आपलं असंच."

"असंच कसं? बरोबर बोललास. फक्त तो बायकांचा आहे, हे चुकलं." आणि शर्ट वर करून दाखवला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या लेथवरचा बुद्धभूषण एवढंच म्हणाला, "टाके साफ घातलेत, शेठ." मी म्हटलं, तू रॉडवर आटे पाडतोस त्या थ्रेडिंगपेक्षा बरे आहेत. मग हसले सगळे. संध्याकाळी समाधान थांबून राहिला. त्याच्या आईला काखेत काहीतरी लागतंय म्हणे, चार महिन्यांपासून. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी दिली आणि गाडीही.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. कामगाराच्या आईला गाडी, आणि बहिणीला बदामाची गोष्ट.

कारण अजून एक आहे. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. त्यात या रोगाचा दोष निघाला, आई-बापाकडून रक्तातून आलेला. आपली आई कशानं गेली, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. नजर लागली म्हणायच्या बाया, आणि ती पदर घट्ट लपेटून बसायची. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीलाही तो असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दाजी ज्याला घाबरतात, तो रोग घराण्यात आहेच. लोकांनी म्हणण्याची वाट तो बघत नाही. झाकून आई वाचली नाही. तुला मी झाकू देणार नाही.

सोमवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. मी नऊला येईन. खाली हॉर्न वाजवणार नाही, वर येणार. दाजी नको म्हणाले, तर त्यांच्या सोफ्यावर बसून शर्टाची बटणं काढीन. स्थळाची माणसं बसलेली असली, तरी काढीन. जी माणसं ते बघून उठून जातील, त्यांच्या घरी आपली पोरगी द्यायचीच कशाला?

आणि काही निघालंच, तर निघू दे. मी आहे ना समोर, जेवतोय, भांडतोय, पत्र लिहितोय.

डाव्या बाजूनं सपाट, पण अजूनही तुझा थोरलाच,
ज्योतीदादा