‘नवा खटका’चा अर्धा पासवर्ड

प्रिय रुबीना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच केराच्या डब्यात टाकशील अशी धास्ती आहे. म्हणून ते तुझ्या अब्बांच्या, कुर्बानचाचांच्या दुकानावर पाठवतेय, आणि त्यांना वेगळी चिठ्ठी लावलीय की हिला समोर बसवून वाचायला लावा. तुला केलेले मेसेज एकाच टिकमार्कवर अडकलेत, म्हणजे इतकी वर्षं झाली तरी मी ब्लॉकच आहे. धन्य आहेस. फोन काहून नाही केला, असं विचारशील. ते शेवटी सांगते. आधी कामाचं ऐक. आपला ‘नवा खटका’, आपण दोघींनी काढलेली ती मोबाइलच्या बातम्यांची साइट, या महिनाअखेरीस कायमचा पुसला जाणार आहे. ज्या कंपनीकडे आपली साइट आहे ती जुनी खाती बंद करतेय, आत जाऊन हवं ते काढून घ्या म्हणते. आत जायला पासवर्ड लागतो आणि त्याचा अर्धा भाग तुझ्याकडे आहे. रुबीना, मला आत जायचंय. हात जोडते, पाया पडते, काय म्हणशील ते करते.

अंदाजाने घाल म्हणशील, तर सगळं घालून झालं. चाचांचं नाव घातलं, तुझ्या शाळेचं घातलं, तुझ्या लंगड्या मांजरीचं घातलं, रागाच्या भरात ‘हट्टी’ असंही घालून पाहिलं. दरवेळी लाल अक्षरांत ‘चुकीचा’ येतं आणि काही वेळ दार लागतं. पासवर्ड विसरलात का म्हणून विचारतात, तिथे दाबलं तर निरोप तुझ्या जुन्या ई-मेलवर जातो, जो तू केव्हाच बंद करून टाकलास. कंपनीला लिहिलं तर मशीन उत्तर देतं, तेही दरवेळी तेच. तुझ्यामाझ्यासारखा शहाणपणा जगात दुसऱ्या कोणी केला नसेल बघ. अर्धा पासवर्ड तू ठरवायचा, अर्धा मी, एकमेकींना सांगायचा नाही, आणि एक टाइप करताना दुसरीने तोंड फिरवायचं! का, तर एकीला सोडून दुसरीने कधी एक ओळसुद्धा छापू नये. तेव्हा ते किती भारी वाटलं होतं.

एकच लॅपटॉप होता गं दोघींत. एक आठवडा तुझ्याकडे अकोल्यात, एक माझ्याकडे अमरावतीत. जिच्या घरी लॅपटॉप, तिच्या घरी बातम्या तयार व्हायच्या, पण पासवर्डाला दोघी लागायच्या, म्हणून साइटवर चढायच्या मात्र रविवारी मधल्या मूर्तिजापूरलाच. तू अकोल्याहून यायचीस, मी बडनेऱ्याहून, आणि आपण शकुंतलेच्या, त्या छोट्या रुळांवरच्या जुन्या गाडीच्या फलाटावर बसायचो, कारण तिकडे गर्दी नसायची. मोबाइलच्या नेटवर एक फोटो चढेपर्यंत प्लेटभर आलूबोंडे संपायचे आणि शेवटच्यावरून भांडण व्हायचं. पहिली बातमी तुझी होती. चाचांकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त फोनांवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, ते कसे घालवायचे हे तू लिहिलंस. इंग्रजीत अशा साइटी ढीगभर होत्या, पण परतवाड्याच्या दुकानात कोणता फोन मिळतो आणि भातकुलीत कोणाची रेंज येते, हे त्यांना काय ठाऊक? नेट कॅफेत ती बातमी वाचून भातकुलीच्या एका मास्तरांनी फोन केला होता, “पोरीहो, माह्या फोनात पयल्यांदा माहं नाव मराठीत दिसून राहिलं.” तू फलाटावर नाचलीस आणि तिकीट तपासनीस तुझ्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण म्हाताऱ्या होईस्तोवर हेच करणार.

आणि माझ्या आईची परीक्षा आठवते? माणिकबाईला वाचून दाखवायची, तिला कळली तरच बातमी पास. “मले नाही समजलं, त लोकायले काय समजन?” म्हणून ती आपलं अर्धं लिखाण नापास करायची आणि आपण चडफडत पुन्हा लिहायचो. तिचे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. त्यावरूनच तुला सुचलं की बातम्या वाचून, रेकॉर्ड करून साइटवर ठेवू. वाचायची मी. तू म्हणालीस, “दामिनी, तुहं तोंड बंद करनारा अजून पैदा नाही झाला, मंग काही कामाले तरी लावू त्याले.” प्रत्येक बातमीची सुरुवात मी आईला हाक मारूनच करायची, ‘ऐक वं माय’. पुढे पुढे तर लोक बाजारात मला तसं म्हणून चिडवायचे. मला राग यायचा, आणि आतून आवडायचंही.

मग ती पुण्याची कंपनी आली. साइट घेतो म्हणाली, फक्त ते ‘ऐक वं माय’ काढा आणि भाषा जरा नीट करा. तू म्हणालीस देऊन टाकू, त्यात आपल्यालाही नोकरी मिळते. मी म्हटलं, मेले तरी नाही. माझंच बरोबर होतं असं मी आजही म्हणते, आणि तू तिकडे तुझंच म्हणत असशील. त्याच फलाटावर तू मला सुनावलंस, “तुहा अर्धा तुह्यापाशी, माहा माह्यापाशी. पाहू मंग कोन उघडते,” आणि अकोल्याच्या गाडीत चढलीस. मागे वळून पाहिलंही नाहीस. मी हाक मारली होती, तुला ऐकू गेली की नाही कोण जाणे. साइट तेव्हापासून आहे तिथेच आहे. बाहेरून बातम्या ऐकायची सोय जुनी होऊन बंद पडली, माझ्याकडे राहिलेला लॅपटॉपही केव्हाच मेला. त्या रेकॉर्ड केलेल्या फायली तेवढ्या आत पडून आहेत, आपल्या दोघींच्या कुलपात.

आता फोनचं सांगते. गेल्या वर्षी माझा घसा बसला, तो सुटलाच नाही. नागपूरला दाखवलं तर कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. माझं तोंड बंद करणारा पैदा झाला गं, रुबीना. इकडे काचबिंदूने आईला आता काहीच दिसत नाही. मी लिहिलेलं ती वाचू शकत नाही, तिने हाक मारली तर मी ओ देऊ शकत नाही. “दामिने, कुठं हायेस वं?” म्हणते, आणि मी ताटावर चमचा वाजवते. लिहिलेलं बोलून दाखवणारं एक ॲप फोनमध्ये घेतलं, तर त्यातला तो परका आवाज ऐकून ती भिंतीला टेकली. “ही कोन बाई बोलून राहिली घरात? माही दामिनी कुठं हाय?” मी तिथेच बसून रडले, आणि आपल्या रडण्याचाही आता आवाज येत नाही हे तेव्हा कळलं. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, जुन्या आवाजाचं स्वच्छ रेकॉर्डिंग आणा, तोच आवाज फोनला शिकवता येतो. घर पालथं घातलं. लग्नांच्या व्हिडिओंत नुसता बँड वाजतोय, जुने फोन मोडीत गेले, ऑपरेशनआधीच्या महिन्यांतला आवाज म्हणजे निव्वळ खरखर. माझा आवाज या जगात एकाच जागी उरलाय आणि ती जागा महिनाअखेरीस पुसली जाईल. तुझा अर्धा मला सांगू नकोस, तुझा हट्ट तुझ्यापाशी राहू दे. मी माझा सांगते. तूच उघड, त्या फायली काढून मला पाठव, मग बाकीची साइट पुण्याला दे नाहीतर पुसू दे, मी एक शब्द बोलणार नाही. माझा भाग आहे ‘ऐक वं माय’. इंग्रजी लहान अक्षरांत, सलग: ए, आय, के, व्ही, ए, एम, ए, वाय. त्याच्यापुढे तुझा घाल.

या वेळी तरी ओ देशील, या आशेवर,
तुझीच,
दामिनी