गाडी लक्ष्मीप्रियेस, रेडिएटरची ताकीद मुरलीस

मी, गुरुमूर्ती राव, वडील कै. सूर्यनारायण राव, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त शाळामास्तर, राहणार मेलवीथी, तंजावर, आज शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. मुलगा मुरली याला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून वकिलांनी तमिळ भाषांतर सोबत जोडावे.

कलम १. मेलवीथीवरील घर मुलगी लक्ष्मीप्रिया व मुलगा मुरली यांना निम्मे निम्मे. मला ते सगळेच लक्ष्मीप्रियेला द्यायचे होते. ती म्हणाली, "नको अप्पा. भाजलेला हात दाखवून घर घेतलं, असं मुरलीला कधी वाटायला नको." तिच्या शब्दाखातर निम्मे केले आहे.

कलम २. माझी जुनी फियाट, अवजारांच्या पेटीसह, लक्ष्मीप्रियेला. मुरली बेंगळूरहून सुट्टीत आला की ती मागून नेईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढची ताकीद त्याला आहे.

इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. बॉनेट उघडून थांबायचे. वरचा रबरी पाइप हाताला गार लागला, की जाड ओले फडके धरून झाकण थोडेसेच फिरवायचे, आतली वाफ जाऊ द्यायची, मग काढायचे. कालव्याचे पाणी भरायचे नाही, त्यातला गाळ आतल्या नळ्यांत बसतो. शुद्ध पाणी आणि कूलंट भरायचे. पाइप दाबून पाहायचे. चिरा दिसल्या किंवा मऊ पडला तर त्याच आठवड्यात बदलायचा. पंख्याचा पट्टा सैल ठेवायचा नाही. तापमानाचा काटा वर चढू लागला तर "पुढच्या गावात बघू" म्हणायचे नाही.

हे सगळे मला तेव्हाही माहीत होते. १९८४च्या वैशाखात आम्ही ओरत्तनाडूहून नात्यातले एक लग्न उरकून परत येत होतो. काटा कित्येक दिवस वर चढत होता. रेडिएटर उतरवून साफ करायला हवा, हे मी रोज म्हणत होतो आणि रोज कालव्याचे पाणी ओतून वेळ मारून नेत होतो. वाटेत गाडी उकळली. उन्हात कनकलतेला, माझ्या बायकोला, भोवळ येत होती, आणि मला घाई झाली.

"प्रिया, तू झाकण काढ, मी पाणी आणतो."

"अजून गरम आहे अप्पा."

"फडकं धर आणि काढ."

तिने काढले. मी कालव्याच्या पायरीवर होतो. किंकाळी ऐकून वळलो तेव्हा तिचा उजवा हात आणि मान भाजली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

कलम ३. तिण्णैवरची, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरची, आरामखुर्ची चुलतभाऊ शहाजी राव मागतील. देऊ नये. इस्पितळात येऊन ते म्हणाले होते, "गाडी तरी वाचली, नशीब." तेव्हा मी त्यांना चहा पाजला, याची मला अजून लाज वाटते.

कलम ४. बँकेतील ठेव लक्ष्मीप्रिया तिरुवैयारूला चालवते त्या कॉम्प्युटर क्लासला. ही भरपाई नाही, हे तिच्याच सांगण्यावरून लिहितो.

खरे तर ती मद्रासला नोकरीत असती. १९९२ साली तिथे कॉम्प्युटरच्या नव्या कंपन्या निघत होत्या. त्यातल्या एकीने तिला नोकरी देऊ केली. फोन शेजारी आला, मी घेतला. "तिला झेपणार नाही," असे मी परस्पर सांगून टाकले. तिच्या मानेकडे परक्या शहरात लोक बघतील, ते मला सोसणार नव्हते. माझ्या मागे ती दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने गाडीच्या शेडची किल्ली मागितली. "मद्रास नाही, तर निदान तिरुवैयारूपर्यंत तरी जाऊ द्या. तिथं क्लास काढते."

अपघातानंतर गाडी मी कुलपात ठेवली होती. तिने रेडिएटर उतरवून साफ करवला, पाइप बदलून घेतले आणि गाडी चालवायला शिकली. पहिल्याच फेरीत काटा जरा हलला आणि मी ओरडलो, "थांब!" तिने नारळीच्या सावलीत गाडी थांबवली. "गाडी ठीक आहे अप्पा. तापलाय तुम्ही."

कलम ५. या कागदाच्या पहिल्या मसुद्यात, मी गेल्यावर लक्ष्मीप्रियेने मला क्षमा करावी, असे कलम होते. मसुदा वाचून ती माझ्यासमोर बसली.

"हे इथं कशाला? तुम्ही गेल्यावर मी उत्तर कुणाला देऊ? आत्ता विचारा."

मी विचारले. तिने मसुदा बाजूला ठेवला.

"हाताचं केव्हाच सोडलं, अप्पा. मद्रासचं अजून नाही."

ते कलम मी खोडले आहे. तिचे उत्तर आहे तसे इथे नोंदवतो. त्यावर माझी काही हरकत नाही.

सही: गुरुमूर्ती राव
ठिकाण: तंजावर. दिनांक: २० नोव्हेंबर १९९७

लिहून देणाऱ्याने आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. वैद्यनाथ राव, मेलवीथी
२. अंबाबाई, शेजारीण