सहा जण गैरहजर

पनवेल,
मंगळवार, ता. ९ डिसेंबर १९५८

प्रिय कमळाकर,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि टपालवाला त्यांच्या अक्षरातलं पत्र घेऊन दारात उभा! घाबरू नकोस, भूतबित काही नाही. हे अक्षर पहिल्यापासून माझंच. तू बोर्डिंगात होतास तेव्हा 'अभ्यास कर, कुणाशी भांडू नकोस, डोक्याला तेल लावत जा' अशी पत्रं यायची ना, ती बाबा सांगायचे आणि मी लिहायचे. तेलाचं मात्र मीच मधे घुसडायचे. बाबांना सहीपुरतंच येत होतं. माझे वडील मिठागरावर मुकादम, त्यांना लिहिण्याचा भारी नाद, म्हणून मी मुलगी असून चौथी शिकले. पोलीस पाटलाला लिहिता येत नाही आणि त्याची बायको लिहिते, हे कळलं असतं तर गाव हसलं असतं आणि सरकारने पाटीलकी काढून घेतली असती. म्हणून आम्ही दोघांनी ही गोष्ट तुझ्यापासूनसुद्धा लपवली. बाबा गेल्यावर मी तुला पत्रं शेजारच्या गणूकडून लिहून घेतली. तुला वाटलं असेल, आईला कुठे लिहिता येतं. तसं नव्हतं रे. मी लिहिलं असतं तर तुला एका क्षणात कळलं असतं.

मी चार दिवस झाले भामामावशीकडे पनवेलला आले आहे. घरचं सगळं ठीक. भात झोडून झालं, यंदा दाणा बरा भरला. तुझ्या धर्मराजकाकाचा गुडघा सुजला आहे, पण जीभ शाबूत आहे. मावशीच्या खालच्या ओटीवर माझ्याबरोबर ठमाबाई येऊन राहिली आहे. ठमाबाई म्हणजे आपल्या वरच्या कातकरवाडीतल्या काळूरामची बायको. तुला लहानपणी करवंदं आणून द्यायची ती. काळूराम पनवेलच्या कोठडीत आहे. एका खळ्यावरून भाताचं पोतं उचलल्याचा आळ आहे. उचललं असेलही. मी त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही, घरात पाच तोंडं आहेत आणि कोळशाच्या भट्ट्यांवरचं काम अजून सुरू व्हायचं आहे. वकील म्हणतात, पहिलाच गुन्हा असता तर समज देऊन सोडलाही असता. पण त्याच्या नावावर आधीच्या तीन शिक्षा निघाल्या आहेत. त्यामुळे तो सराईत ठरणार आणि दोनतीन वर्षं तरी आत जाणार. ठमाबाई रोज सकाळी कोर्टाच्या फाटकाशी जाऊन बसते आणि दुपारी परत येते. माझ्या हातचा चहा घेते, तो घशाखाली उतरताना मला बघवत नाही.

आता तुझ्या लेखाचं. तू मासिक पाठवलंस तेव्हा गणूने ते ओटीवर मोठ्याने वाचलं. अर्धं गाव जमलं होतं. आपल्या गावातला पहिला एम. ए., आणि त्याचं नाव छापून आलेलं! मी पेढे वाटले. लोकांना लेखातलं फारसं कळलं नाही, पण बाबांच्या जुन्या हजेरीवहीवरून आणि ठाण्यातल्या शिक्षांच्या नोंदींवरून तू तो लिहिलास, हे कळलं आणि सगळे म्हणाले, बापाचं नाव राखलं पोराने. मला मात्र सगळं कळत होतं. एकदा शिक्षा झालेल्या एकोणीस कातकऱ्यांपैकी तेरांना पुन्हा शिक्षा झाली, आणि बावीस आगऱ्यांपैकी फक्त दोघांना. असा तुझा तक्ता. खाली तू लिहिलंस की हे लोक वाईट नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या रानात वाढल्यामुळे नियमाचं बंधन त्यांच्या अंगी मुरलेलं नाही, त्यांना शिक्षण द्यावं, दया दाखवावी. तुझं मन चांगलं आहे, मला ठाऊक आहे. पण पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

ती वही कशी भरली जायची ते तुला कुठून माहीत असणार? तू तेव्हा पनवेलला शिकत होतास. गुन्हेगार जमातींच्या त्या वेळच्या कायद्याने वाडीतल्या ज्या माणसांची नावं हजेरीला लागली होती, त्यांनी सकाळ-संध्याकाळ आपल्या ओटीपुढे येऊन उभं राहायचं. एक वेळ चुकली की गुन्हा. चोरी नाही, मारामारी नाही, नुसतं हजर नसणं. बाबा ओटीवर बसून नावं पुकारायचे, समोर वही उघडी धरायचे आणि बोट फिरवायचे, जणू वाचताहेत. नावं त्यांना तोंडपाठ होती. मी दाराआड पाट घेऊन बसायचे आणि कच्च्या वहीत पेन्सिलीने खुणा करायचे. मग पक्की वही रात्रीचं जेवण व्हायच्या आत उतरवून द्यायचे, ती ठाण्यावर जायची. कच्ची घरी राहायची. तू गेल्या वर्षी दिवाळीत बाबांच्या पेटीतून नेलीस ती हीच. वर म्हणालास, बाबांचं अक्षर किती वळणदार होतं. मी चुलीशी होते, मान वर केली नाही.

आणि आगऱ्यांचे दोनच का, तेही सांगते. धर्मराजकाकाची खाडीकाठच्या तिवरांत दारूची भट्टी दोनदा सापडली. दोन्ही वेळा गावकी बसली, काकाने देवळात नारळ फोडला, कान धरला, मिटलं. बांधाच्या भांडणात त्याने एकाचं डोकं फोडलं, तेही गावकीतच मिटलं. बाबा पोलीस पाटील आणि धाकटा भाऊ त्यांचा, वर कळवतील कसे? ज्या आगऱ्याला पोलिसांनी परभारे धरलं, त्याला जमीनवाला जामीन मिळाला आणि तो संध्याकाळी घरी जेवायला. कातकऱ्याला जामीन कोण राहणार? त्याच्या नावावर वीतभर जमीन नाही. म्हणजे आपल्या लोकांचं पुन्हा चुकणं नारळावर जायचं आणि त्यांचं वहीत. तुझ्या तक्त्यात काका कुठल्याच रकान्यात नाही. तो लेख ऐकून काका सर्वांत जोरात मान डोलवत होता, हे बघून मला हसूही आलं आणि रागही आला.

पण खरी गोष्ट याहून पुढची आहे, आणि ती तुझ्या ध्यानात कशी आली नाही याचं मला नवल वाटतं. वही तुझ्याजवळ आहे. त्रेचाळीस सालची कोजागिरी काढ. तिच्या दुसऱ्या दिवसापुढे बघ. सहा नावांपुढे 'गैरहजर' आहे, दोन्ही वेळा. तुझ्या तेरांपैकी सहा त्या एका तारखेचे. मोळी तोडल्याबद्दल सगळ्यांना आधी एकेकदा शिक्षा झालेली, म्हणून ही 'पुन्हा' ठरली. तू बेरीज केलीस, तारखा पाहिल्या नाहीस. एका वाडीतले सहा जण एकाच दिवशी नियम मोडायचं ठरवतात का रे?

त्या दिवशी ते कुठे होते, तर आपल्याच बांधावर. कोजागिरीच्या उधाणाने खाडीचा बांध फुटला. भात पोटरीला येऊन पिकत आलेलं. खारं पाणी शेतात घुसलं असतं तर पीक गेलंच असतं आणि पुढची तीन वर्षं जमीन उगवली नसती. बाबा पहाटे वाडीवर जाऊन ओरडले, "चला रं, बांद फुटलाय!" आणि ते सहा जण हातातलं टाकून आले. तो सारा दिवस छातीएवढ्या चिखलात उभे राहून त्यांनी पेंढा, माती, कुडाचे तट्टे दाबले. भरती आली की पाठ लावून उभे राहायचे. मी डोक्यावरून पेज आणि भाजलेले सुके बोंबील नेऊन दिले. काळूराम तेव्हा विशीतला. मला बघून म्हणाला, "बाय, आज हजेरी हतंच घ्या, पाटील बी हतंच हाय!" सगळे हसले. बाबाही हसले.

बांध राहिला. त्या सहांना महिना-महिना कैद झाली. एकदा आत जाऊन आल्यावर हजेरी आणखी कडक, वाडीबाहेर जायला परवानगी लागायची. काळूराम पोटासाठी परवानगी न घेता कोळशाच्या भट्टीवर गेला, त्याबद्दल तिसरी शिक्षा झाली. सहांतले तिघं वाडी सोडून गेले ते परत दिसले नाहीत. पुढे कायदा गेला, हजेरी गेली, पण कागद राहिले. परवा मी ठमाबाईला घेऊन वकिलांकडे गेले आणि म्हटलं, त्या जुन्या शिक्षा खोट्या आहेत हो. त्यांनी कपाटातून तुझं मासिक काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "पाटलीणबाई, तुमच्याच मुलाने लिहिलंय. सरकारी वकिलांकडेही ही प्रत आहे. आता मी काय बोलू?" ठमाबाईला वाचता येत नाही. तिने त्या पानावरचा तुझा छापील फोटो ओळखला आणि माझ्याकडे बघून हसली. 'बाबल्या मोटा झाला,' म्हणाली. कमळाकर, इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

तू आता बाबांवर चिडला असशील. चिडू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र गणूकडून लिहून घेतलं नाही. कोजागिरीच्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्यावरचा जमादार अचानक तपासणीला आला. आधी वाडीत जाऊन आलेला, ते सहा जण दिसले नाहीत म्हणून तापलेला. बाबा बांधावर. त्याने ओटीवर बसून वही मागितली. मी आत होते, कच्च्या वहीत त्या सहांच्या दोन्ही वेळांच्या जागा कोऱ्या. हजर लिहिलं तर खोटं उघड पडत होतं. बांधावर आहेत म्हणावं, तर हजेरीची माणसं पाटलाने स्वतःच्या कामाला लावायची नाहीत असा सक्त हुकूम. पाटीलकी गेली असती, तुझी शाळा गेली असती. चहाला आधण येईपर्यंतचा वेळ माझ्या हातात होता. मला कुणी सांगितलं नाही, कुणाला विचारायलाही वेळ नव्हता. मी सहा वेळा, दोन्ही रकान्यांत, नीट वळणदार अक्षरात 'गैरहजर' लिहिलं आणि दारातून वही बाहेर सरकवली. रात्री बाबा चिखलाने माखून आले. मी सांगितलं तशी तिथेच खाली बसले. "सत्ये, ह्या बराबर नाय झाला," एवढंच म्हणाले, आणि तसेच पनवेलला जायला उठले. मी दारात आडवी झाले. तुझं नाव घेतलं, शपथ घातली. ते थांबले. त्यानंतर हजेरी घेताना त्यांनी त्या सहांच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही, आणि जाताना मला म्हणाले, "सांगून टाक." मी दोन वर्षं सांगितलं नाही.

येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, काळूरामची तारीख आहे. मी साक्षीला उभी राहणार आहे. वकील म्हणतात, नुसत्या तोंडाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, तारीख आणि माझं अक्षर दाखवायला वही पाहिजे. ती तुझ्याकडे आहे. आणलीस तर तुझा लेख खोटा पडेल, बाबांना अक्षरओळख नव्हती हे भर कोर्टात निघेल, आणि मला काय होईल ते वकीलही सांगत नाहीत. मी तुझी परवानगी मागत नाही, वही मागते आहे. नाही आणलीस तरी मी जाईन, फक्त माझं कुणी ऐकणार नाही आणि तो आत जाईल. एक गोष्ट मात्र तू आधी जाणून असावंस. काळूरामला यातलं काही माहीत नाही. काल मी कोठडीच्या गजांशी जाऊन त्याला म्हटलं, मी तुझ्यासाठी बोलणार आहे. तर तोच मला धीर द्यायला लागला. म्हणाला, "बाय, तुमी नका तरास घेऊ. पाटील त्या दिशी बांदाच्या घाईत आमचा नाव सांगाया इसारला. चांगला मानूस व्हता, आमी कदी मनात ठेवला नाय." पंधरा वर्षं तो हेच धरून बसला आहे. सोमवारी तो पिंजऱ्यात उभा असेल आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकेल.

तुझीच,
आई