हसनची पट्टी, माझी पट्टी

नेवासा, ता. ४ डिसेंबर १९४४
खर्डा गावच्या गिऱ्हाइकाची पासोडी आज पुरी झाली. माग अरुंद, म्हणून एक पट्टी माझी, एक शेजारच्या हसनची, मधोमध शिवण. आमच्या दोघांच्या बापांनीही अशीच विणली होती. ती आमच्या पेटीत आहे, नमुना तिच्यावरूनच उचलला. ह.ची पट्टी हाताला मऊ लागली. जरा जास्तच.

ता. ६
प्रवरेवर धुतली. खळ गेली नि शिवणीला चुण्याच चुण्या! गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. मला ठाऊकच होतं. कंट्रोलचं सूत मोजून मिळतं, ह.ने फणी हलकी मारून आडवं सूत वाचवलं असणार. सैल वीण पाण्यात जास्त आटते. परवा त्याच्या ओसरीवर गाठोडं झाकलेलं होतं. म्हणे जुनी दुलई!

ता. ७
तोंडावर विचारलं. म्हणाला, "दादा, तीस वर्सं शेजार हाय आपला. माज्यावर आळ घेता व्हय?"
गोड बोलतो. तिथंच तर शंका येते. तसाच उठून सूत वाटणाऱ्या पंचांकडे तक्रार दिली. खरी ठरली तर ह.चं सूत बंद, माग बंद. पाच पोरी आहेत त्याच्या घरात. मग आधी विचार करायचा होता त्याने.

ता. ९
पंचांचा निरोप: बारा तारखेला येतो, जुनी पासोडी काढून ठेवा, तिच्या मापाने नवी तपासू. बरं झालं. सौ. दोन दिवस धड बोलत नाही. बोलेना का.

ता. १०
जुनी उन्हात पसरली, सुईने आडवे धागे मोजले. निळ्या काठाची पट्टी ह.च्या बापाची: बोटाला तीस. दुसरी आमच्या आबांची: बोटाला चोवीस.
तीनदा मोजले. चष्मा पुसून मोजले. चोवीसच.
आबांनी! ज्यांनी माझा हात धरून फणी मारायला शिकवलं त्यांनी! ह.च्या बापाला कळलं नसेल? की कळून गप्प राहिला? लाज वाटते. रागही येतो, कुणाचा ते...

ता. ११
पंच उद्या सकाळी. ह. हाक न मारता दारावरून गेला.
दुपारी सौ. नवी पासोडी मांडीवर घेऊन बसलेली. शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "अवो, चुण्या हसनभावजींच्या पट्टीवर हायेत. चुण्या पडल्या ती लांब ऱ्हायली. आटली ती दुसरी."
"गप बस," म्हटलं.
"तुमची मोजली का तुमी?"
सूत वाचवलं नाही मी, देवाशपथ. पण हात आबांचा.
तक्रार मागे घ्यावी तर पंच कारण विचारणार. दिवे लागायची वेळ झाली. माझी पट्टी अजून मोजलेली नाही.